ऑर्डर्स हवाईच्या, बंदुका टेक्सासच्या

२०२२च्या मार्चमध्ये आर्मीकडून बदलीच्या ऑर्डर्स आल्या. टेक्सासमधलं फोर्ट ब्लिस सोडायचं आणि जून संपता संपता हवाईत, ओआहू बेटावरच्या स्कोफिल्ड बॅरॅक्सला हजर व्हायचं. घरात समुद्राच्या गप्पा सुरू झाल्या. मी मात्र बेडरूममधल्या सेफसमोर मांडी घालून बसले. आत तीन बंदुका होत्या: ग्लॉक १९ पिस्तूल, मॉसबर्ग ५०० शॉटगन आणि रुगर १०/२२ ही हलकी रायफल. यांपैकी एकीचीही नोंद सरकारदरबारी नव्हती, कारण टेक्सासमध्ये तशी पद्धतच नाही. सप्टेंबर २०२१पासून तर पिस्तूल जवळ बाळगायलाही तिथे परवाना लागत नाही. हवाईत याच्या बरोबर उलट. गंजलेली, न चालणारी, पणजोबांच्या काळातली बंदूक नेलीत तरी तिची पोलिसांत नोंद करावी लागते.

मी अमेरिकन आर्मीत स्टाफ सार्जंट आहे, काम पुरवठ्याचं. सरकारी हत्यारांच्या याद्या करण्यात वर्षं गेली. स्वतःच्या तीन बंदुका म्हणजे डाव्या हातचा मळ, असं वाटलं होतं. तसं झालं नाही. आता माझ्याकडे नव्याने बदलीवर निघालेली पोरं विचारायला येतात, त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी माझाच गैरसमज सांगते. मी कायद्याने टेक्सासची रहिवासी. मतदान तिथलं, ड्रायव्हिंग लायसन्स तिथलं. बदली कुठेही झाली तरी सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्टमुळे (आम्ही त्याला एससीआरए म्हणतो) कराच्या बाबतीत मी टेक्सासचीच राहते. मग बंदुकीलाही टेक्सासचाच कायदा लागत असणार, असं मी धरून चालले होते. युनिटमधले निम्मे लोक हेच धरून चालतात. एससीआरए कर, कर्ज, घरभाड्याचा करार यांबद्दल बोलतो. खासगी बंदूक नव्या राज्यात नेण्याबद्दल त्यात काहीही नाही. बदली तुमची झालेली असते, बंदुकीची नाही. ती ज्या जमिनीवर ठेवलेली असते, तिथला कायदा तिला लागतो.

खरेदीपुरती मात्र एक सोय आहे. १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार सक्रिय सेवेतला सैनिक कायम नेमणुकीच्या राज्याचाही रहिवासी मानला जातो. त्यामुळे लायसन्स टेक्सासचं असलं तरी ऑर्डर्स आणि मिलिटरी ओळखपत्र दाखवून नव्या राज्यातल्या दुकानात बंदूक घेता येते. पण नियम त्या राज्याचे. हवाईत आधी पोलिसांकडून खरेदीचा परवाना काढायचा आणि त्यासाठी १४ दिवस थांबायचं. टेक्सासमध्ये तासाभरात बंदूक घेऊन बाहेर पडणाऱ्यांना हे जड जातं.

ऑर्डर्स आल्या त्याच आठवड्यात यादी करायला बसा. प्रत्येक बंदुकीचा उत्पादक, मॉडेल, कॅलिबर, सिरियल नंबर, ती कुठून आणि कधी घेतली, पावती. सिरियल नंबर बंदुकीवरूनच वाचून लिहा, जुन्या पावतीवरून उतरवून घेऊ नका. दिव्याखाली धरून फोटो काढा आणि शून्य आहे की ओ, आठ आहे की बी, हे दोनदा बघा. माझ्या शॉटगनच्या पावतीवर दुकानदाराने एक अक्षर चुकवलं होतं. सहा वर्षं ती पावती माझ्या फायलीत पडून होती आणि मला पत्ता नव्हता. हवाईत नोंद करताना बंदूक कुठून मिळाली हेही सांगावं लागतं, म्हणून जुनी पावती हरवली असेल तर दुकानाकडून नक्कल मागवायला हीच वेळ.

त्यानंतर नव्या राज्याचा कायदा वाचा. मित्राने सांगितलेला नको, तिथल्या विधिमंडळाच्या आणि पोलिसांच्या संकेतस्थळावरचा वाचा. समजला नाही तर बेसवरच्या लीगल असिस्टन्स ऑफिसात जा. तिथला वकील सैनिकाकडून पैसे घेत नाही. वाचताना नजर बंदुकीवर कमी आणि तिच्या सामानावर जास्त ठेवा. लोक अडकतात ते तिथेच.

माझ्या तिन्ही बंदुका हवाईत चालत होत्या. चालत नव्हती ती ग्लॉकची मॅगझिन्स, म्हणजे गोळ्या भरून बंदुकीत सरकवायच्या डब्या. हवाईत पिस्तुलाच्या मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा आहे आणि ग्लॉक १९ सोबत कारखान्यातूनच पंधराची येतात. ती वेगळी काढली, दहाची दोन विकत घेतली, प्रश्न मिटला असं वाटलं. मग रुगरची बॅग उघडली. तिच्यात पंचवीस गोळ्यांची दोन वाकडी मॅगझिन्स होती, बीएक्स-२५ म्हणतात ती. ही तर रायफलची, म्हणून मी ती परत बॅगेत ठेवणार होते. तेवढ्यात कलमातले शब्द आठवले. पिस्तुलासाठी बनवलेलं ‘किंवा पिस्तुलात वापरता येण्याजोगं’ मॅगझिन, असं तिथे लिहिलं आहे. आणि रुगरचंच चार्जर नावाचं पिस्तूल आहे, त्यात हीच बीएक्स-२५ बसतात. माझ्याकडे चार्जर नाही, कधी नव्हतं. पण कलम माझ्याकडे काय आहे हे विचारत नाही, मॅगझिन कशात बसतं हे विचारतं. तीही काढली. फोर्ट ब्लिसला लागून असलेल्या एल पासोत राहणाऱ्या मैत्रिणीकडे एका डब्यात सगळी ठेवून आले. मॅगझिन म्हणजे बंदूक नव्हे, त्यामुळे टेक्सासमध्ये ती कुणाकडे ठेवायला केंद्राचा कसला कागद लागत नाही.

नेमबाजीच्या रेंजवर नेतो त्या बॅगेचे सगळे खिसे उलटे करा. अगदी शिवणीपर्यंत. माझ्या बॅगेच्या बाजूच्या खिशात, कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांखाली, पंधराचं आणखी एक मॅगझिन सापडलं. जायच्या आदल्या रात्री.

आमच्या युनिटमधल्या एकाकडे सप्रेसर (बंदुकीचा आवाज कमी करणारी नळी) आणि आखूड नळीची रायफल होती. दोन्ही हवाईत बंद. अशी १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखालची वस्तू नुसती मित्राच्या हवाली करता येत नाही, कारण तो हस्तांतर ठरतो. त्याने ती वडिलांच्या घरी स्वतःच्या कुलूपबंद पेटीत ठेवली, किल्ली फक्त स्वतःकडे. ज्या राज्यात आखूड नळीची रायफल चालते, तिथे नेतानासुद्धा आमच्या वेळी एटीएफ या बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याकडून फॉर्म ५३२०.२० वर आधी मंजुरी घ्यावी लागत होती. नुसत्या सप्रेसरला तो फॉर्म लागत नव्हता. हे नियम बदलत असतात, निघण्याआधी एटीएफचं ताजं पान उघडून बघा.

आता न्यायचं कसं. सरकारी खर्चाने जाणाऱ्या घरसामानात बंदुका घालता येतात. गोळ्या अजिबात नाही, एक सुटी काडतूससुद्धा नाही. बोटीने जाणाऱ्या गाडीत तर दोन्ही नको. पॅकर्सच्या यादीत प्रत्येक बंदूक मॉडेल, कॅलिबर आणि सिरियल नंबरासकट लिहिली गेली पाहिजे. ‘स्पोर्टिंग गुड्स, एक खोका’ असं लिहून मोकळे होऊ पाहणारे भेटतात. माझ्याकडे आलेल्या मुलाने रायफलचा नंबर लिहिताना नेमका आठचा बी केला. मी बंदूक त्याच्यासमोर धरली, एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, चुकलेल्या ओळीवर रेघ मारून नवीन लिहायला लावलं आणि शेजारी त्याची व माझी सही घेतली. त्याला कंटाळा आला होता. येऊ दे.

मी ग्लॉक विमानाने नेलं, शॉटगन आणि रायफल घरसामानात घातली. ही चूक होती, का ते पुढे येईलच. आज पुन्हा निघायचं झालं तर तिन्ही एका लांब, टणक पेटीत घालून विमानानेच नेईन.

विमानाचं गणित सोपं आहे. बंदूक रिकामी, टणक बाजूंची कुलूपबंद पेटी, किल्ली तुमच्याकडे, आणि काउंटरवर तोंडाने सांगायचं की यात बंदूक आहे. ते एक कार्ड देतात, त्यावर सही करून ते आत ठेवायचं. बॅगेला बाहेरून ‘बंदूक’ अशी चिठ्ठी लावायला सांगणं विमान कंपनीला केंद्रीय कायद्याने मना आहे. कुणी लावू लागलं तर नम्रपणे थांबवा. गोळ्या त्यांच्या खोक्यात, वजनाची मर्यादा विमान कंपनीची. बहुतेकांची ११ पौंडांच्या आसपास असते.

विमान बदलायचं असेल तर एक गोष्ट फार जपा. २००५ मध्ये यूटाचा एक प्रवासी पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. न्यूअर्कला पुढचं विमान चुकलं. त्याने सामान ताब्यात घेतलं, रात्र हॉटेलात काढली, सकाळी विमानतळावर इमानदारीने पिस्तूल असल्याचं सांगितलं, आणि न्यू जर्सीच्या कायद्याखाली त्याला अटक झाली. १९८६च्या केंद्रीय कायद्यात प्रवाशाला संरक्षण आहे. पण ते बंदूक रिकामी आणि हाताला न लागेल अशा जागी असेपर्यंतच. हॉटेलात बॅग हाताशी होती, म्हणून ते संरक्षण लागू नाही, असं अपील कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं. तेव्हा कडक राज्यात मधेच अडकलात तर बॅग ताब्यात घेऊ नका, विमान कंपनीकडेच राहू द्या. गाडीने जाणाऱ्यांनाही तोच नियम: बंदूक आणि गोळ्या डिकीत. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत. डॅशबोर्डचा कप्पा चालत नाही, त्याला कुलूप असलं तरी. शिवाय हे संरक्षण बंदूक आणि गोळ्यांचं आहे. मोठ्या मॅगझिनचं त्यात नाव नाही, म्हणून वाटेत कॅलिफोर्निया लागत असेल तर ती घेऊन जाऊच नका.

इथे एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी, कारण इतर कुणी ती सांगत नाही. माझे धाकटे दीर एच-वन-बीवर आहेत. पॅकिंगला मदत करायला आले आणि भाबडेपणाने बंदुकीची पेटी गाडीत ठेवायला उचलू लागले. मी ओरडलेच. नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळी ताब्यात ठेवता येत नाही. शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीनकार्डवाल्याला ही बंदी नाही, मी स्वतः आर्मीत शिरले तेव्हा ग्रीनकार्डवरच होते. पण एच-वन-बीवरचा दीर, विद्यार्थी व्हिसावरचा भाचा, टुरिस्ट व्हिसावर सहा महिने राहायला आलेले सासू-सासरे, यांच्या हाती पेटी देऊ नका आणि सेफचा आकडाही सांगू नका. दीर जरा दुखावले. नंतर स्वतःच वाचून म्हणाले, वहिनी, बरं झालं ओरडलात.

हवाईची घडी अशी. तुम्ही किंवा बंदूक, जे नंतर पोहोचेल, त्यापासून पाच दिवसांत त्या काउंटीच्या पोलिसप्रमुखांकडे बंदूक प्रत्यक्ष दाखवून नोंद करायची. आमचं विमान ३० जूनला, गुरुवारी रात्री होनोलुलूला उतरलं. शुक्रवार हजेरीच्या रांगेत. मग शनिवार, रविवार. सोमवारी ४ जुलै, म्हणजे सगळं बंद. उरला मंगळवार, आणि तोच पाचवा दिवस! नशिबाने मी एल पासोतूनच मंगळवारची वेळ घेऊन ठेवली होती. तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर बघा, हे मी सगळ्यांना सांगते ते यामुळे.

मधले चार दिवस पिस्तूल ठेवायचं कुठे, हाही प्रश्न असतो. आम्ही तात्पुरत्या निवासात होतो, तिथे बंदूक ठेवायला परवानगी नव्हती. माझ्या स्पॉन्सरने, म्हणजे नव्या युनिटने आमच्या स्वागताला नेमलेल्या सार्जंटने, युनिटच्या आर्म्स रूमच्या माणसाला आधीच सांगून ठेवलं होतं. त्या रात्री विमानतळावरून थेट तिथे गेलो. कुलूपबंद पेटी, पावती, सही. बॅरॅक्समध्ये राहणाऱ्या एकट्या सैनिकाला तर हाच कायमचा मार्ग, खोलीत बंदूक ठेवता येत नाही. म्हणून स्पॉन्सरचा नंबर मिळाला की पहिला प्रश्न घराचा विचारा, दुसरा हा.

होनोलुलू पोलिसांचं मुख्यालय बेरेटानिया रस्त्यावर आहे. बंदुकांच्या ऑफिसचा पत्ता बंदुका बनवणाऱ्या बेरेटा कंपनीच्या नावासारखा, म्हणून मला हसू आलं होतं. तो खरं तर ब्रिटनचा हवाईयन उच्चार आहे. त्या मंगळवारी तिथे गर्दी होती. नेमकं आदल्या महिन्यात, २३ जूनला, सुप्रीम कोर्टाचा घराबाहेर पिस्तूल बाळगण्याच्या हक्काबद्दलचा ब्रूएन निकाल आला होता आणि पिस्तूल बाळगायच्या परवान्याची चौकशी करणारे बरेच लोक आले होते. माझं काम वेगळ्या खिडकीवर. ऑर्डर्स, ओळखपत्र, पावती दिली. पिस्तूल रिकामं, बंद पेटीत, गोळ्या घरी. पेटी मी उघडली नाही, ‘उघडू का’ असं विचारलं. खिडकीतल्या बाईने मान हलवली आणि स्वतःच पिस्तूल उचलून नंबर पडताळला. बोटांचे ठसे, फोटो. हे पहिल्यांदाच होतं, पुढच्या बंदुकीला जुनेच चालतात. २०१६च्या कायद्याने हवाईने बंदूकधारकांची नावं एफबीआयच्या रॅप बॅक यंत्रणेत घालायची सोय केली, देशात असं करणारं ते पहिलं राज्य. उद्या मला दुसऱ्या राज्यात अटक झाली तर इथल्या पोलिसांना कळेल. काही जणांना याचा राग येतो. मला सैन्यात ठसे द्यायची इतकी सवय आहे की काही वाटलं नाही.

आणि मग माझी ती चूक. घरसामान आठ आठवड्यांनी आलं. खोकी उघडून शॉटगन आणि रायफल बाहेर काढली तशी पाच दिवसांची मुदत पुन्हा सुरू. नव्या कामावर रुजू होऊन दोन महिने झालेले, पुन्हा रजा मागायची, पुन्हा तासभर गाडी चालवत बेरेटानिया. सगळ्या बंदुका एकत्र गेल्या असत्या तर एकच फेरी झाली असती.

पोलिसांचा कागद हाती आला की बेसची नोंद वेगळी, ती मिलिटरी पोलिसांकडे. तिथे १९९६च्या लॉटनबर्ग दुरुस्तीबद्दल विचारतात: घरगुती हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यात जरी शिक्षा झालेली असली तरी बंदूक बाळगता येत नाही, आणि सैनिकाला त्यातून सूट नाही. तुम्ही बेसबाहेर राहत असाल आणि बंदूक बेसवर आणतच नसाल, तर २०११च्या संरक्षण कायद्याच्या कलम १०६२मुळे कमांडर तिची माहिती सरसकट मागू शकत नाही. पण हे आर्मीपुरतं. राज्याची नोंद चुकत नाही. राज्याचा पिस्तूल बाळगायचा परवाना मिळाला तरी बेसच्या फाटकाच्या आत कमांडरचे नियम चालतात. आणि टेक्सासचा परवाना हवाई मानत नाही.

नोंद झाल्यावरही बंदूक घेऊन फिरायचं नाही. घर, रेंज, दुकान, पोलिस ठाणं अशा ठरलेल्या जागांमध्येच, रिकामी आणि पूर्ण बंद पेटीत न्यायची. रेंजवरून परतताना वाटेत समुद्रावर तासभर थांबावंसं वाटतं. थांबू नका. आधी घरी जा.

हवाईच्या बाहेर बदली झालेल्यांसाठी थोडक्यात. मेरीलँडमध्ये रहिवासी झाल्यापासून ९० दिवसांत पिस्तुलांची नोंद. न्यू जर्सीत २०२२पासून नव्या रहिवाशाला ६० दिवसांत बंदूक खरेदीचं ओळखपत्र काढून बाहेरून आणलेली पिस्तुलं नोंदवावी लागतात. कॅलिफोर्नियातही नव्या रहिवाशाला ६० दिवस. पण तिथल्या कायद्यात एक गंमत आहे: सैनिक कॅलिफोर्नियात सेवेतून मुक्त होतो तेव्हा तो या कलमापुरता रहिवासी ठरतो. ज्या रायफलला ते ‘असॉल्ट वेपन’ म्हणतात ती मात्र ऑर्डर्स असल्या तरी आधी राज्याच्या न्याय विभागाचा लष्करी परवाना हातात घेऊनच न्यायची. न्यूयॉर्कला पिस्तूल न्यायच्या आधी वकिलाला भेटा. तिथे ‘आल्यावर बघू’ चालत नाही.

हवाई सोडतानाही एक काम असतं. बंदूक कायमची राज्याबाहेर गेली की पाच दिवसांत ज्या पोलिसांकडे नोंद केली त्यांना कळवायचं. गेल्या बदलीच्या वेळी मी ते विमानतळाच्या बाकावर बसून ईमेलने कळवलं, तिन्ही सिरियल नंबर लिहून. शॉटगनचा नंबर पाठ झाला होता. तरी बॅगेतला फोटो काढून एकदा ताडून बघितला.